झाशीतील राणीमहाल : एका वाड्याची रचना

झाशी म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे प्रथम उभा राहतो तो किल्ला. टेकडीच्या माथ्यावर पसरलेला त्याचा तट आणि त्या तटाशी जोडलेली १८५८ सालची कथा शाळेच्या पुस्तकांतून घरोघर पोहोचली आहे. त्या किल्ल्याच्या जवळच, शहराच्या ऐन वस्तीत, आणखी एक वास्तू उभी आहे. तिला राणीमहाल म्हणतात. हे नाव ऐकून येणारा प्रवासी घुमट, मनोरे आणि संगमरवरी जिने यांचे चित्र मनात धरून येतो. रस्त्यालगतची दुमजली, सपाट धाब्याची इमारत दृष्टीस पडताच तो थबकतो आणि ‘एवढाच का महाल?’ असे सोबतच्या माणसाला विचारतो.

त्याच्या विचारण्यात चूक नाही. दिशाभूल होते ती नावामुळे. ही वास्तू महाल म्हणून बांधली गेलीच नव्हती. पेशव्यांच्या एका सुभेदाराने स्वतःच्या राहण्यासाठी उठवलेला हा वाडा होय. राणीचे नाव त्याला पुष्कळ मागाहून, आणि दुःखद प्रसंगातून, प्राप्त झाले. महाल म्हणून पाहणाऱ्याला ही इमारत तोकडी वाटते. वाडा म्हणून पाहणाऱ्याला मात्र तिच्यात कोकणातून निघून बुंदेलखंडात स्थिरावलेल्या मराठी माणसांनी आपले घर परमुलखात कसे उभे केले, स्वतःचे काय राखले आणि त्या भूमीचे काय स्वीकारले, याची साक्ष मिळते.

कोणत्याही जुन्या घराची चौकशी त्याच्या पायाखालच्या दगडापासून सुरू करावी. झाशीचा प्रदेश ग्रॅनाइटचा आहे. बुंदेलखंडातील हा ग्रॅनाइट पृथ्वीवरील फार प्राचीन खडकांपैकी असून त्याचे वय सुमारे अडीचशे कोटी वर्षे मानले जाते. माळावर जागोजागी एकावर एक रचल्यासारख्या गोलसर शिळा दिसतात आणि मधूनच एखादी उघडीबोडकी टेकडी वर आलेली असते. अशाच बंगरा नावाच्या टेकडीवर ओर्छाचे राजे बीरसिंह देव यांनी १६१३ साली झाशीचा किल्ला बांधला. त्याच्या भिंती ग्रॅनाइटच्या असून कित्येक ठिकाणी सोळा ते वीस फूट जाड आहेत. तोफेच्या माऱ्यापुढे टिकायचे तर असाच दगड हवा. परंतु ग्रॅनाइट जितका टिकाऊ तितकाच हट्टी. तो फोडणे कष्टाचे, आणि त्याची बारीक घडाई तर फारच वेळखाऊ. दुर्गासाठी राजा हे कष्ट घेतो. घरासाठी ते कोणी आणि कितपत घ्यावे, हा प्रश्न ग्रॅनाइटच्या प्रत्येक मुलखात उभा राहिलेला आहे.

असा एक मुलूख दूर इंग्लंडात आहे. त्या देशाच्या नैर्ऋत्येस डार्टमूर नावाचे उजाड पठार आहे. तेथेही भूमी ग्रॅनाइटची आणि माळावर तशाच शिळा विखुरलेल्या. तेथील मध्ययुगीन शेतकऱ्याने खाणीच्या वाटेला न जाता माळावर आयते पडलेले धोंडे उचलून भिंती रचल्या. त्या घरांची रचना अतिशय साधी, पण विचारपूर्वक केलेली आहे. एक लांबट इमारत, तिच्यावर एकच उतरते छप्पर, आणि मधोमध आरपार जाणारी एक बोळवजा वाट. वाटेच्या एका अंगाला माणसे राहत, दुसऱ्या अंगाला गुरे. घर नेहमी उताराला धरून बांधलेले असे. वरच्या अंगाला माणसे आणि खालच्या अंगाला गोठा. गोठ्याच्या मध्यभागी एक चर असे, आणि त्याचे पाणी शेवटच्या भिंतीतील भोकावाटे बाहेर जाई. माणसांच्या बाजूस मधोमध चूल पेटे. धुराडे नसल्यामुळे धूर छपराच्या गवतातूनच वाट काढी. पुढे सोळाव्या-सतराव्या शतकांत धुराडी आली आणि धूर उरला नाही, तेव्हा वर माडी घालता आली. हायर अपाकॉट नावाचे असे एक चौदाव्या शतकातील घर अजून उभे आहे. तेथे गोठ्यातील चर आणि जुन्या चुलीच्या धुराने काळवंडलेले छपराचे गवत आजही पाहावयास मिळते.

या शेतकऱ्याच्या घराला चौक नाही. पाऊस आणि बोचरा वारा यांनी तेथील माणसाला अंग आवळून बसायला शिकवले. म्हणून माणूस, जनावर आणि अग्नी ही सर्व एका छपराखाली आली. झाशीतील परिस्थिती नेमकी उलट. तेथे हिवाळा कडक असला तरी घराची खरी परीक्षा पाहतो तो उन्हाळा. मे-जून महिन्यांत पारा पंचेचाळीस अंशांच्या वर चढतो, आणि तापलेल्या शिळा रात्री उशिरापर्यंत उष्णता टाकीत राहतात. खाली दगड तोच, पण आभाळ निराळे. त्यामुळे डार्टमूरचे घर मिटून घेतलेल्या मुठीसारखे झाले आणि झाशीचा वाडा आकाशाकडे उघडा राहिला.

हा वाडा झाशीत पोहोचला कसा, हे समजण्यासाठी थोडा इतिहास पाहिला पाहिजे. महंमदखान बंगशाने बुंदेलखंडावर स्वारी केली तेव्हा वृद्ध छत्रसालाच्या साहाय्यास पहिला बाजीराव १७२९ मध्ये धावून गेला. छत्रसालाच्या मृत्यूनंतर त्याच्या राज्याचा सुमारे तिसरा हिस्सा पेशव्यांकडे आला आणि बुंदेलखंडात मराठ्यांचे पाऊल स्थिर झाले. १७४२ मध्ये नारो शंकर झाशीचे सुभेदार झाले. नाशिककरांना हे नाव निराळे सांगावयास नको. गोदाकाठचे प्रसिद्ध नारोशंकराचे मंदिर ते हेच. नारो शंकरांनी झाशीचा किल्ला वाढवला. त्यांनी बांधलेला भाग शंकरगढ म्हणून ओळखला जातो. किल्ल्याच्या पायथ्याशी वस्ती वाढली. कारकून, शिलेदार, भिक्षुक, वैद्य, सावकार अशी माणसे देशावरून आणि कोकणातून येत गेली. शहराच्या वेशींमध्ये ओर्छा दरवाजा, दतिया दरवाजा यांच्या जोडीला खंडेराव दरवाजा हे नाव रूढ झाले. परमुलखात वेशीला आपल्याकडचे नाव देणारी माणसे घरही आपल्याच वळणाचे बांधू पाहणार, हे उघड आहे.

राणीमहाल बांधला तो रघुनाथ हरी नेवाळकर यांनी. नेवाळकरांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील कोट. पुढे खानदेशात पारोळे येथे त्यांचे ठाणे झाले. रघुनाथ हरी १७६९ पासून १७९६ पर्यंत झाशीच्या सुभ्यावर होते. झाशीचे महालक्ष्मीचे आणि रघुनाथाचे मंदिर त्यांच्याच काळातील. हा माणूस केवळ वसूल आणि फौजफाटा सांभाळणारा अधिकारी नव्हता. १७९२ मध्ये झाशीवरून गेलेला विल्यम हंटर नावाचा कंपनीचा शल्यवैद्य आपल्या प्रवासवृत्तात त्यांच्याविषयी आश्चर्याने लिहितो. साठीच्या घरात आलेल्या या सुभेदाराने इंग्रजी विश्वकोश ब्रिटानिका याची दुसरी आवृत्ती मिळवली होती, आणि तीतील शास्त्रे समजावीत म्हणून इंग्रजी शिकण्याचा मनोदय केला होता. त्या काळात, त्या आडमुलखात, अशा जिज्ञासू गृहस्थाने बांधलेला हा वाडा होय. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. कारण पुढे याच वाड्याची आणि इंग्रजांची गाठ निराळ्या रीतीने पडावयाची होती.

रघुनाथ हरींच्या पिढीतील मराठी माणसाला ‘घर’ म्हणताना काय अभिप्रेत होते? वाड्याचा प्राण म्हणजे चौक. मधोमध आकाशाखाली उघडी मोकळी जागा आणि तिच्या चारी बाजूंना सोपे व ओसऱ्या. बाहेरच्या जगाकडे वाड्याची पाठ असते. रस्त्याच्या बाजूस जाड भिंत, तीत दिंडी दरवाजा आणि आत देवड्या. उजेड आणि वारा यांसाठी वाडा रस्त्यावर अवलंबून राहत नाही. ते त्याला चौकातून मिळतात. चौकालगतची ओसरी ही ना धड आत, ना धड बाहेर अशी जागा. पाहुणा प्रथम तेथे टेकतो, तेथेच हिशेब होतात, तेथेच मुले खेळतात. तिच्या मागे माजघर, देवघर, स्वयंपाकघर अशा क्रमाने घर अधिकाधिक खासगी होत जाते. माडीवर दिवाणखाना असतो आणि तेथे मानाची बैठक भरते. घराचे मापही खणांत सांगितले जाई. दोन तुळयांमधले पाच-सहा फुटांचे अंतर म्हणजे एक खण. अमक्याचा वाडा इतक्या खणांचा म्हटले की ऐकणाऱ्याला त्याची ऐपत समजे.

या मांडणीचा गाभा कोकण-देशाकडचा. परंतु तिला झाशीत जशीच्या तशी उतरवणे शक्य नव्हते. पहिला बदल झाला छपरात. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्यामुळे तेथील घर जांभ्याच्या जोत्यावर उभे राहते आणि उतरते छप्पर पडवीच्याही पुढे ओढून घेते. झाशीत पाऊस नऊशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही दोन-अडीच महिन्यांत आटोपणारा. तेथे उतरत्या छपराचे प्रयोजन उरत नाही. उलट उन्हाळ्याच्या रात्री निजण्यासाठी मोकळी गच्ची हवी असते. म्हणून राणीमहालावर सपाट धाबे आले. बाहेरून पाहणाऱ्या मराठी माणसाला हा वाडा प्रथम परका वाटतो तो याच एका कारणाने.

दुसरा बदल साहित्यात झाला. पुण्याकडच्या वाड्यात सांगाडा लाकडाचा असतो. सागवानी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर कडीपाट, आणि खांबांमधल्या जागा विटांनी भरलेल्या. घराचा भार वाहते ते लाकूड. भिंत ही बव्हंशी आडोसाच. राणीमहाल मात्र विटा आणि चुना यांचा आहे. येथे भिंती स्वतः भार वाहतात आणि खांबांमधले अंतर तुळईऐवजी कमान पेलते. किल्ल्याच्या कामाला ग्रॅनाइट आणि घराच्या कामाला वीट, अशी ही विभागणी सहेतुक आहे. विटेला हवे ते वळण देता येते, तिची कमान लवकर बांधून होते आणि तिच्यावर गिलावा घट्ट बसतो. शिवाय जाड विटेची भिंत उन्हाळ्यात मोठे काम करते. दिवसभराची उष्णता ती सावकाश शोषते. ती आतल्या बाजूस पोहोचेपर्यंत संध्याकाळ होते, आणि तोवर घरातील माणसे चौकात किंवा गच्चीवर गेलेली असतात.

आता प्रत्यक्ष वास्तू पाहू. मध्ये चौकोनी चौक आहे. त्याच्या दोन टोकांना दोन लहान विहिरी आणि कारंजे यांची योजना आहे. चौकाभोवती दोन मजल्यांवर कमानींच्या रांगा दिसतात. या रांगांमागे समांतर जाणाऱ्या ओवऱ्या, त्यांना लागून सहा दालने आणि पुष्कळशा लहान खोल्या, अशी एकंदर मांडणी आहे. म्हणजे आकाशाखालच्या चौकातून माणूस प्रथम ओवरीत येतो, ओवरीतून दालनात आणि दालनातून खोलीत. एकेका पावलागणिक ऊन कमी होते, डोळे निवतात आणि आवाज मंदावतो. ओसरी, सोपा, माजघर हा जो क्रम मराठी घरात असतो तोच येथे कमानींच्या भाषेत मांडला आहे.

चौकातील पाण्यालाही अर्थ आहे. घरातच विहीर असली की घरच्या बायकांना पाण्यासाठी बाहेर जावे लागत नाही, आणि शहर वेढले गेले तरी घर तहानेने मरत नाही. झाशीच्या कातळात विहीर पाडणे खर्चाचे; म्हणून चौकात दोन विहिरी असणे हे ऐश्वर्याचेच लक्षण समजावे. कारंज्याचे तुषार कोरड्या हवेत चटकन विरतात आणि भोवतालचा उष्मा उतरवतात. रात्री चौकाची फरसबंदी उघड्या आकाशाखाली निवते, थंड हवा खाली बसते आणि सकाळी दरवाजे मिटून घेतले की पुष्कळ वेळपर्यंत दालनांत टिकते. यंत्राचे साहाय्य न घेता उन्हाळा सुसह्य करण्याची ही रीत उत्तर हिंदुस्थानातील हवेल्यांतही आढळते. मराठी चौकाला ती ओळखण्यास आणि आपलीशी करण्यास वेळ लागला नाही.

वाड्याचे सौंदर्य एकवटले आहे ते दरबार दालनात. येथील कमानी साध्या अर्धवर्तुळाकार नाहीत. कमळाच्या पाकळ्यांसारख्या लहान लहान वळणांनी त्यांची कड घडलेली आहे. मोगल आणि राजपूत इमारतींतून ही महिरप उत्तरेत सर्वत्र पसरली, आणि पेशवाईतील मराठी वाड्यांनीही ती लाकडात कोरून घेतली. झाशीत ती विटा-चुन्यात आली. कमानींवर आणि त्यांच्या भोवताली फुले, वेली, मोर आणि कमळचक्रे रंगवलेली आहेत. रंगांत तांबडा ठळक आहे. आयने महालाची झगमग येथे नाही. परंतु एखाद्या गृहिणीने सणासुदीला काढलेल्या रांगोळीत जी प्रसन्न भरगच्चता असते ती या भिंतींवर आढळते. कारागीर बहुधा स्थानिकच असणार, कारण मोर आणि वेली यांचे वळण बुंदेलखंडी आहे; ओर्छा आणि दतिया येथील राजवाड्यांतील चित्रकाम पाहिलेल्या माणसाला ही नाती ओळखू येतात. मालक कोकणातला, मांडणी वाड्याची, हात बुंदेल्यांचा आणि महिरप मोगलांची, असा हा चार घरांचा संसार एका दालनात सुखाने नांदतो आहे.

हे सर्व ज्याच्या आधाराने उभे आहे त्या चुन्याविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. चुनखडी भट्टीत भाजली की तिच्यातील कर्बाम्ल वायू निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यात पाणी घालून तो विरवतात आणि पुष्कळ दिवस मुरू देतात. मग वाळू किंवा विटांची भुकटी मिसळून बैलाच्या घाणीत तो मळतात. ठिकठिकाणचे गवंडी त्यात गुळाचे पाणी, बेलफळाचा गर, उडदाचे पीठ किंवा डिंक घालीत. त्याने चुन्याला चिकटपणा येतो आणि भेगा कमी पडतात. भिंतीवर चढल्यानंतर हा चुना हवेतील तोच वायू पुन्हा शोषून घेतो आणि हळूहळू दगड बनतो. वर्षानुवर्षे हे काम चालू असते. चुन्याची भिंत ओल आत घेते आणि बाहेरही टाकते; उन्हाळ्या-हिवाळ्याच्या फरकाने ती किंचित हलते, पण तडकत नाही. राणीमहालातील चित्रे आजवर भिंतीला धरून राहिली याचे श्रेय चित्रकाराइतकेच चुना मळणाऱ्या त्या अज्ञात हातांनाही दिले पाहिजे.

रघुनाथ हरींच्या नंतर झाशीचे धनी बदलत गेले. १८३२ मध्ये गव्हर्नर-जनरल लॉर्ड विल्यम बेंटिंक झाशीस आला तेव्हा त्याने रामचंद्रराव नेवाळकर यांना राजेपदाचा किताब आणि इंग्रजांचे निशाण दिले. त्यांच्या मागून गादीवर आलेल्यांत गंगाधरराव हे शेवटचे. त्यांना ग्रंथांचा आणि नाटकांचा शोक होता. त्यांच्याशी १८४२ मध्ये मोरोपंत तांबे यांच्या कन्येचा विवाह झाला आणि ती लक्ष्मीबाई म्हणून झाशीस आली. २१ नोव्हेंबर १८५३ रोजी गंगाधरराव निवर्तले. दत्तकविधान झालेले असूनही ते लॉर्ड डलहौसीने मानले नाही. मार्च १८५४ मध्ये झाशी खालसा झाली, किल्ला कंपनीने घेतला, आणि दरमहा पाच हजार रुपयांचे निवृत्तिवेतन ठरवून राणीला शहरातील वाड्यात राहण्यास सांगण्यात आले. त्या दिवसापासून सुभेदाराचा वाडा हा राणीचा महाल झाला. ज्या नावाने प्रवासी आज फसतो त्या नावाच्या पोटात एका विधवा स्त्रीचा राज्यापासून घरापर्यंतचा परतीचा प्रवास दडलेला आहे.

या काळातील झाशी प्रत्यक्ष पाहिलेला एक मराठी साक्षीदार आपल्याला लाभला आहे. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या सुमारास दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेले आणि झाशीच्या वेढ्यात सापडले. त्यांचा ‘माझा प्रवास’ हा वृत्तांत चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केला. राणीचा दिनक्रम, पूजा, दरबार आणि व्यायाम यांचे त्यांनी केलेले वर्णन वाचताना हा वाडा पुन्हा माणसांनी भरून जातो. वेढा पडल्यावर सर ह्यू रोझ याच्या तोफांनी शहर भाजून काढले. ३ एप्रिल १८५८ रोजी इंग्रजी फौज तटावर चढली आणि रस्त्यारस्त्यांतून लढत वाड्याशी आली. तेथे एकेका दालनासाठी झुंज झाली. पागेत उरलेल्या सुमारे चाळीस शिपायांनी शेवटचा माणूस पडेपर्यंत जागा सोडली नाही. घराचा दरवाजा, ओवरी, दालन, खोली हा जो क्रम पाहुण्याच्या आदरासाठी आणि कुटुंबाच्या खासगीपणासाठी योजलेला, तोच त्या दिवशी मोर्च्यांची रांग झाला. वाड्यात शोध घेताना इंग्रजांना एक रेशमी निशाण सापडले. ते त्यांचेच होते; बेंटिंकने झाशीच्या धन्याला निष्ठेची खूण म्हणून दिलेले. तेच त्यांनी वाड्यावर चढवले. दुसऱ्या रात्री राणी झाशी सोडून काल्पीकडे निघाली. मागे शहरात दिवसांमागून दिवस लूट चालली आणि दूरदूरचे पंडित ज्यातील पोथ्या उतरवून घ्यावयास येत तो ग्रंथसंग्रह नष्ट झाला, हे गोडसे भटजींनी हळहळून लिहून ठेवले आहे. ज्या घराण्यातील एका पुरुषाने साठाव्या वर्षी इंग्रजी विश्वकोश वाचण्याची उमेद धरली, त्या घराण्याचा पुस्तकांचा वारसा असा संपला.

वाड्याचा मोठा भाग त्या माऱ्यात पडला. आज दिसतो तो उरलेला अंश. तथापि तो उरला याचे एक कारण त्याच्या बांधणीतही आहे. पुण्याचा शनिवारवाडा १८२८ मध्ये आगीत सापडला तेव्हा त्याच्या लाकडी माड्या जळून गेल्या आणि मागे तट, दरवाजे व दगडी जोती राहिली. लाकडी सांगाडा पेटला की सबंध घर जाते. झाशीच्या वाड्यात प्रत्येक भिंत आणि प्रत्येक कमान आपापला भार पेलत होती. त्यामुळे एक बाजू ढासळली तरी दुसरी तग धरून राहिली. बुंदेलखंडाच्या हवामानामुळे स्वीकारलेली वीट अशा रीतीने अनपेक्षितपणे स्मृतीच्या कामी आली.

राणीमहाल आता भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात असून तेथे वस्तुसंग्रहालय आहे. आसपासच्या प्रदेशात सापडलेली नवव्या ते बाराव्या शतकांतील शिल्पे त्याच्या ओवऱ्यांत मांडलेली आहेत. ती सुंदर आहेत यात शंका नाही. परंतु त्यामुळे एक चमत्कारिक गोष्ट घडते. पाहणाऱ्याची नजर मूर्तींवर खिळते आणि ज्या घरात आपण उभे आहोत त्या घराकडे तिचे लक्ष जात नाही. राणीच्या आयुष्यातील चार वर्षे ज्या चौकाने पाहिली तो चौक एका मूर्तीपासून दुसरीकडे जाण्याची वाट बनतो. मूर्तींना नमस्कार करून झाल्यावर घटकाभर ओवरीत थांबावे, मान वर करून महिरपीची वळणे मोजावी, जाड भिंतीवर हात ठेवून तिचा गारवा घ्यावा. म्हणजे वाडा बोलू लागतो.

अशा वास्तूंना आजचा धोका तोफेचा नाही, अज्ञानाने केलेल्या दुरुस्तीचा आहे. चुन्याच्या भिंतीला भेग पडली की हाताशी असलेले सिमेंट भरण्याचा मोह होतो. सिमेंट कडक असते आणि ओल बाहेर सोडत नाही. आत कोंडलेले पाणी मग मऊ विटेतून वाट काढते, क्षार वर आणते आणि गिलावा फुगून चित्रासकट गळून पडतो. भेग बुजलेली दिसते, पण भिंत आतून झिजत राहते. चुन्याला चुनाच लागतो, हे जुने गवंडी जाणत होते. संवर्धनाचे आधुनिक शास्त्र पुष्कळ चुका करून त्याच निष्कर्षाला येऊन पोहोचले आहे.

राणीमहालाला निदान राणीचे नाव आहे, म्हणून त्याला रखवालदार मिळाला. झाशी, सागर, जालौन, काल्पी या पट्ट्यात अठराव्या शतकात मराठी कुटुंबांनी बांधलेल्या ज्या इतर घरांना कोणतेच मोठे नाव चिकटले नाही, त्यांची कथा निराळी. वारस पांगतात, धाबे गळू लागते, आणि एके दिवशी भिंत उतरवून विटा विकल्या जातात. अशा प्रत्येक घरात चौक होता, देवघर होते आणि ओसरीवर मराठीत मांडलेले हिशेब होते. डार्टमूरच्या माळावरील एका अनाम शेतकऱ्याचे घर त्यातील गोठ्याच्या चरासह आणि काळवंडलेल्या गवतासह जपले गेले, कारण साध्या घरालाही इतिहास असतो हे तेथील लोकांनी मान्य केले. राजाचे घर असो की कारकुनाचे, त्याच्या भिंतीत तोच चुना असतो आणि त्याच्या चौकावर तेच आकाश असते.

झाशीस जाणाऱ्या मराठी माणसाने किल्ला अवश्य पाहावा. मग उतरून शहरात यावे आणि राणीमहालाच्या चौकात उभे राहावे. ज्या स्त्रीच्या घोड्यावरील मूर्तीपुढे तो नतमस्तक झालेला असतो, ती याच घरात सकाळी उठत असे आणि मुलाला हाक मारीत असे. किल्ल्यावर तिचा पराक्रम आठवतो. या चौकात तिचे घर आठवते, आणि खालसा झालेल्या राज्याबरोबर तिने काय काय गमावले त्याचा अंदाज येतो.